होस्टा, डॅलसचा उन्हाळा आणि पाण्याचा हिशेब

साशंक : रोपवाटिकेत कुंडीत खोचलेल्या चिठ्ठीवर ‘उन्हाळा सोसणारा वाण’ असं छापलेलं असतं आणि तेवढ्या भरवशावर लोक होस्टा घरी घेऊन येतात. मे महिन्यात ती पानं बघून कोणीही भुलेल, हे मला कबूल आहे. पण होस्टा मूळचा जपान, कोरिया आणि चीनचा. रानाच्या कडेला, ओढ्याकाठी, डोंगरउतारावरच्या ओलसर गवतात वाढणारा. आणि आपण राहतो डॅलसमध्ये. 2011 साली इथे 71 दिवस पारा शंभर फॅरनहाइटला टेकला किंवा त्याच्या वर गेला. शंभर फॅरनहाइट म्हणजे जवळजवळ 38 अंश सेल्सियस. त्याआधी 1980 मध्ये असे 69 दिवस भरले होते. यावर सगळे एकच उत्तर देतात, सावलीत लावा. सावली ऊन अडवते, गरम वारा अडवत नाही. ओकच्या झाडाखाली दुपारी चारला होस्टाच्या पानांना हात लावून बघा, उन्हाचा कवडसाही नसताना पान मऊ पडलेलं, कडा खाली वळलेल्या. अशा गावात होस्टा हौसेनं लावणं म्हणजे त्या झाडाला दरवर्षी चार महिने जेमतेम जिवंत ठेवणं. त्याला ‘चांगला येतो’ म्हणू नये, एवढंच माझं म्हणणं आहे.

हौशी : तुम्ही सगळ्या होस्टांना एकाच पंक्तीला बसवता, इथेच आपलं पटत नाही. जपानच्या बर्फाळ पश्चिम किनाऱ्याकडचा सीबोल्डियाना आणि चीनमधला प्लांटॅजिनिया हे एकाच कुळातले असले तरी त्यांचे स्वभाव फार वेगळे आहेत. सीबोल्डियानाच्या घराण्यातल्या वाणांबद्दल तुम्ही जे म्हणता ते खरंच आहे. ‘एलिगन्स’ किंवा ‘फ्रान्सेस विल्यम्स’ इथे लावायला मी कोणाला सांगणार नाही. ‘फ्रान्सेस विल्यम्स’च्या पिवळ्या कडा तर याहून थंड गावांतही गंजल्यासारख्या जळतात. पण प्लांटॅजिनिया 18व्या शतकाच्या अखेरीस चीनमधून युरोपात गेला, तिथून अमेरिकेत आला, आणि जॉर्जियापासून अलाबामापर्यंतच्या जुन्या घरांच्या अंगणात पिढ्यान्‌पिढ्या राहिला. तिथले लोक त्याला ‘ऑगस्ट लिली’ म्हणतात, कारण बाकीचे होस्टा दमलेले असतात तेव्हा हा फुलतो. लांब नळीची पांढरीशुभ्र फुलं, संध्याकाळी उमलणारी आणि सुवासिक. या कुळातली ही एकच मूळ जात सुगंधी आहे, त्यामुळे आज बाजारात जो जो वासाचा होस्टा मिळतो त्याच्या वंशात कुठे ना कुठे प्लांटॅजिनिया असतोच. ‘रॉयल स्टँडर्ड’, ‘हनीबेल्स’, ‘सो स्वीट’, ‘फ्रॅग्रंट बुके’ हे सगळे त्याच वंशातले. ‘फ्रॅग्रंट बुके’मधून ‘ग्वाकामोली’ निघाला, ‘ग्वाकामोली’मधून ‘स्टेन्ड ग्लास’ आणि ‘फ्राइड बनानाज’. आणि या वंशाचा गुण केवळ वासाचा नाही. बहुतेक होस्टा वसंतात पानांची एक लाट काढतात, फार तर दुसरी, आणि उन्हाळा तापला की वाढ थांबवून बसतात. प्लांटॅजिनियाचा वंश उष्णतेतही नवी पानं काढत राहतो. जुलैत एखादं पान करपलं तर ऑगस्टात त्याच्या शेजारी ताजं, तुकतुकीत पान उभं असतं. बाकीच्यांना मेमध्ये आलेल्या पानांवरच ऑक्टोबर गाठायचा असतो. यात नुसतं तग धरण्यापलीकडचं काही तुम्हाला दिसत नाही का?

साशंक : दिसतं, आणि म्हणूनच माझी शंका वाढते. तुम्ही उष्णतेबद्दल बोललात, कोरडेपणाबद्दल एक अक्षर नाही. बागकामाच्या याद्यांमध्ये ही दोन्ही संकटं एका ओळीत लिहिलेली असतात, ‘उष्ण, कोरड्या उन्हाळ्यासाठी’ म्हणून. जणू एकाला पुरून उरणारा दुसऱ्यालाही पुरून उरेल. झाडाच्या दृष्टीनं बघा. पान थंड राहतं ते पर्णरंध्रांतून पाणी उडतं म्हणून. मुळांना पाणी कमी पडलं की झाड रंध्रं मिटून घेतं. रंध्रं मिटली की थंडावा गेला, पान हवेपेक्षाही तापतं आणि कडेपासून करपत येतं. म्हणजे तुमच्या प्लांटॅजिनियाची सगळी मिजास चालते ती पाण्याच्या जोरावर. तो उन्हाळ्यात थांबत नाही, म्हणजे त्याचं पिणंही थांबत नाही. उष्णता सोसण्यात जो पहिला, तोच पाण्याच्या बाबतीत सगळ्यांत जास्त मागणारा. उलट जो जूनमध्ये वाढ बंद करून गप्प बसतो, त्याला तुम्ही नापास करता, पण दुष्काळात शहाणपण त्याच्याकडे असू शकतं.

आता होस्टाच्या गावचा पाऊस बघा. टोकियोत वर्षाला दीड हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, आणि जून-जुलैमध्ये त्यांचा पावसाळाच असतो. उन्हाळा तिथेही आहे, ऑगस्टात तीस-एकतीस अंश असतात, पण हवा दमट आणि जमीन भिजलेली. आपल्याकडे मृगाबरोबर रान हिरवं होतं, तसं या झाडाच्या वाढीचे दिवस आणि पावसाचे दिवस त्याच्या गावी जोडीनं येतात. डॅलसला वर्षाचा पाऊस तसा कमी नाही, नऊशे मिलिमीटरच्या वर. पण तो मुख्यतः वसंतात आणि शरदात पडतो. जुलै आणि ऑगस्ट मिळून सरासरी शंभर मिलिमीटरच्या आसपास, तोही एखाद्या वादळी संध्याकाळी वाहून जाणारा. होस्टाला इथला आकडा त्रास देत नाही, इथला क्रम देतो. ऐन गरजेच्या दिवसांत आभाळ रिकामं असतं.

हौशी : हा क्रमाचा मुद्दा मी मान्य करते, यादी करणाऱ्यांनी तो सांगायलाच हवा. पण मग पाणी किती, ते तरी मोजूया. होस्टाला आठवड्याला 25 मिलिमीटर पाणी लागतं असं सर्वसाधारण धरतात. ‘सम अँड सबस्टन्स’ घ्या. पोपटी-पिवळ्या, जाड पानांचा हा वाण, 2004 साली ‘होस्टा ऑफ द इयर’ ठरलेला. सकाळचं ऊन त्याला चालतं, किंबहुना रंग यायला थोडं हवंच असतं. पुरता वाढलेला असला तर त्याची रुंदी पावणेदोन मीटरच्या पुढे जाते, म्हणजे जमीन झाकली गेली अडीच चौरस मीटर. 25 मिलिमीटरच्या हिशेबानं आठवड्याला साठ-पासष्ट लिटर. असे पाच लावले तर तीनशे-सव्वातीनशे लिटर. आणि त्याच घरापुढे दोनशे चौरस मीटरवर सेंट ऑगस्टिन गवत असतं. त्यालाही उन्हाळ्यात आठवड्याला तेवढंच पाणी देतात, म्हणजे पाच हजार लिटर. पाण्याचा प्रश्न विचारायचा तर तो आधी हिरवळीला विचारा. मी हिरवळ कमी करून त्या पाण्याच्या सोळाव्या हिश्श्यात होस्टा सांभाळत असेन, तर मला उधळी कोणी म्हणू नये.

साशंक : उधळी मी म्हणत नाही. पण हिरवळ चुकीची आहे म्हणून होस्टा बरोबर ठरत नाही. आणि 25 मिलिमीटर हा आकडा मिनेसोटा-ओहायोकडच्या उन्हाळ्यात पुरतो. इथे 38 अंशांत, दक्षिणेचा वारा सुटलेला असताना पुरत नाही, हे तुम्हीही जाणता. शिवाय हे पाणी एकट्या होस्टाला मिळत नाही. तुम्ही तो ओकच्या किंवा एल्मच्या सावलीत लावता, आणि त्या झाडाची तंतुमुळं जमिनीच्या वरच्या वीतभर थरातच पसरलेली असतात. ओल दिसली की ती आधी पोचतात. दोन-तीन वर्षांनी होस्टा उकरून बघा, त्याच्या गड्ड्याभोवती ओकच्या मुळांची जाळी विणलेली सापडते. त्यात इथली जमीन. डॅलसची काळी माती आपल्या वऱ्हाडातल्या कापसाच्या काळ्या रानाची सख्खी बहीण आहे. भिजली की चिकट, वाळली की हात जाईल एवढ्या भेगा, आणि वर चुनखडीचं प्रमाण भरपूर. भेग पडताना कोवळी मुळं तुटतात. अशा जागी वाण कोणता, हा प्रश्न शेवटी येतो.

हौशी : शेवटी नाही, बरोबरीनं येतो. जमिनीसाठी उपाय आहेत. मी काळ्या मातीत खड्डा करून होस्टा लावत नाही. जमिनीच्या वर वीत-दीड वीत उंचीचा वाफा करायचा, त्यात पाइनच्या सालीचा बारीक चुरा आणि कंपोस्ट, किंवा सरळ मोठी कुंडी. कुंडीत ओकची मुळं शिरत नाहीत आणि दिलेलं पाणी ज्याला दिलं त्यालाच मिळतं. कुंडी फिकट रंगाची आणि जाड काठाची घ्यायची. काळ्या प्लास्टिकच्या कुंडीत मुळं उकडतात. त्यानंतर वाण निवडायचा, आणि निवडताना नाव वाचण्याआधी पान बघायचं. पान चिमटीत धरून वाकवा. जाड, कातड्यासारखं लागलं तर ते पाणी धरून ठेवतं आणि गोगलगायीही त्याच्या वाटेला फारशा जात नाहीत. पातळ, मऊ, मधोमध पांढरं असेल तर तिथेच ठेवून द्या. पांढऱ्या भागात हरितद्रव्य नाही, तो स्वतःचं अन्न करत नाही, आणि आधी तोच करपतो. जुना ‘अंडुलाटा’ इथल्या जूनमध्येच कागदासारखा होतो. निळ्या वाणांचं वेगळं. त्यांचा निळा रंग पानाचा नसतो, वर मेणाचा थर असतो, कोबीच्या बाहेरच्या पानावर असतो तसा. बोट फिरवलं की खालचं हिरवं पान दिसतं. इथल्या उष्णतेत आणि नळाच्या फवाऱ्यानं तो थर जुलैपर्यंत जातो. ‘हॅल्सियन’ मरत नाही, पण निळाही राहत नाही. मग निळ्यासाठी पैसे का मोजायचे?

साशंक : पानाची ही परीक्षा मला आवडली, चिठ्ठीपेक्षा शंभर पटींनी खरी आहे. पण तुमच्या वाफ्यात आणि कुंडीत आणखी एक जण वाट बघत असतो. उष्णतेत जमीन सतत ओली ठेवली की स्क्लेरोशियम रोल्फसाय ही बुरशी जागी होते. आपल्याकडे भुईमुगाला खोडकूज करते तीच. सकाळी बघावं तर बेटाच्या बाहेरची पानं जमिनीवर आडवी पडलेली असतात, पाणी कमी झाल्यासारखी. माणूस आणखी पाणी घालतो. पान ओढलं की देठ बुडाशी अलगद सुटून हातात येतो, बुडाला मऊ तपकिरी कूज, त्यावर कापसासारखे पांढरे तंतू आणि तंतूंत मोहरीएवढे गोल दाणे. ते दाणे मातीत वर्षानुवर्षं टिकतात. त्यामुळे इथे होस्टा दोन भिंतींच्या मध्ये उभा आहे. पाणी कमी केलं तर पान करपतं, वाढवलं तर बूड कुजतं. त्याच्या स्वतःच्या गावी भिजलेली जमीन इतकी तापत नाही, म्हणून हा पेच तिथे एवढा बिकट होत नाही. इथे आपण तो स्वतःच्या हातानं तयार करतो.

हौशी : म्हणूनच पाणी ठिबकनं, पहाटे आणि बुडापासून जरा लांब द्यायचं. सालीचं आच्छादन गड्ड्याला टेकवायचं नाही, बुडाशी चार बोटं मोकळी ठेवायची. वरची माती कोरडी दिसली म्हणून नळी उचलायची नाही, बोट दोन पेरं आत घालून बघायचं. नाहीतरी डॅलसमध्ये फवारे आठवड्यातून दोनच दिवस चालवता येतात, आणि एप्रिल ते ऑक्टोबर सकाळी दहा ते संध्याकाळी सहा बंद. ठिबक आणि हातातली नळी यांना तो नियम नाही. शहराचा नियम आणि झाडाची गरज इथे एकाच बाजूला आहेत. तुम्ही दाखवता ते धोके खरे आहेत, पण ते निगेचे धोके आहेत. निगा शिकता येते.

साशंक : मग ती निगा किती फळली हे कशावर ठरवायचं? सगळे फोटो मेचे असतात. मेमध्ये डॅलसच काय, कुठेही होस्टा देखणाच दिसतो, कारण ती पानं गेल्या वर्षीच्या साठ्यावर आलेली असतात. माझी कसोटी सप्टेंबरची आहे, आणि तीही तिसऱ्या वर्षीच्या सप्टेंबरची. बेटात कोंब वाढले की घटले, ते मोजायचं. उष्ण रात्रींचा परिणाम तिथे दिसतो. जुलैत इथे रात्रीसुद्धा सरासरी पंचवीस अंशांच्या आसपासच असतात. झाड दिवसा जे अन्न करतं त्यातलं बरंचसं अशा रात्री श्वसनातच खर्च होतं, आणि गड्ड्यात शिल्लक कमी पडते. पुढच्या वसंतात एक कोंब कमी, त्याच्या पुढच्या वसंतात आणखी एक. झाड एका दिवसात मरत नाही, वर्षावर्षानं लहान होत जातं, आणि मालकाला वाटतं वाणच छोटा आहे. तुमचं ठिबक दिवसाचं पाणी सांभाळेल. रात्र कशी सांभाळणार?

हौशी : रात्र मी सांभाळू शकत नाही. तिथे वाणच सांभाळतो, आणि म्हणून मी पुन्हा प्लांटॅजिनियाकडे येते. त्याच्याकडे सप्टेंबरमध्ये काम करणारं ताजं पान असतं. दिवस लहान होऊन रात्री उतरू लागल्या की ते पान साठा भरून काढतं. जुन्या, करपलेल्या पानांच्या वाणाला ही संधी मिळत नाही. तुमची कसोटी मला मान्य आहे, यादी तिच्यावरच करू. मग ती फार लहान होईल. मूळ प्लांटॅजिनिया, ‘रॉयल स्टँडर्ड’, ‘ग्वाकामोली’ आणि त्याची पिल्लं, जाड पानांचा ‘सम अँड सबस्टन्स’, आणि हिरव्या, पांढऱ्या बारीक काठाच्या वाणांत ‘फ्रान्सी’. हजारो वाणांतून एवढेच. आणि दक्षिणेकडे गेलं की तीही सरसकट लागू होत नाही. होस्टाला हिवाळ्यात पाच अंशांखालची थंडी काही आठवडे लागते, तेव्हा तो वसंतात नीट उठतो. डॅलसला ती मिळते, ह्यूस्टनला बऱ्याच वर्षी कमी पडते. प्लांटॅजिनियाला त्यातल्या त्यात कमी थंडी चालते. पुण्या-मुंबईला मात्र तोही रमणार नाही, तिथून कोणी मागितला तर मी देत नाही.

साशंक : एवढी लहान यादी, उंच वाफा, फिकट कुंडी, पहाटेचं ठिबक. हे सगळं मांडल्यावर मी विचारणारच की मोठ्या पानाची हौस असेल तर अळू का नको? इथल्या उष्णतेत अळू दणकून येतं, रात्र कितीही गरम असो. आणि पाणी वाचवायचं असेल तर इथल्या रानातली झाडं आहेत. टर्क्स कॅप सावलीत लाल फुलांनी भरतं, हमिंगबर्ड येतात त्यावर. इनलँड सी ओट्स आहे, सीडार सेज आहे. एकदा रुजली की त्यांना इथल्या जुलैची सवय शिकवावी लागत नाही.

हौशी : अळवाचं म्हणाल तर त्याला होस्टापेक्षाही जास्त पाणी लागतं, आणि टेक्सासच्या नदीकाठांवर ते आवरेना इतकं पसरलंय. ते मी लावलं तर उलट तुम्हीच मला थांबवायला हवं. टर्क्स कॅप माझ्याकडे आहे आणि मला प्रिय आहे. पण ऑगस्टातल्या एखाद्या संध्याकाळी, जेव्हा दारातून बाहेर पाऊल टाकवत नाही, तेव्हा वासाची पांढरी फुलं उघडणारी सावलीतली किती झाडं तुम्ही मला दाखवाल? बाग नुसती स्थानिक झाडांची असावी हे मत मी समजू शकते. पण मग आपल्या परसातला कढीपत्ता आणि मोगराही काढावा लागेल. थोड्या जागेत, हिशेबानं, एखादं मागणारं झाड ठेवायला माझी हरकत नाही. पाणी नळाचंच हवं असंही नाही. एसीच्या नळीतून उन्हाळाभर पाणी ठिबकत असतं, बहुतेक घरी ते भिंतीच्या कडेला वाया जातं. त्यात क्षार जवळजवळ नसतात, आपल्या चुनखडीच्या पाण्यापुढे होस्टाला ते चांगलंच. प्लांटॅजिनिया त्या नळीपाशी लावला, पूर्वेच्या भिंतीला, तर तुमचा आक्षेप कुठे राहतो?

साशंक : बराचसा मिटतो, एक सोडून. एसी पाणी काढतो ते हवेतल्या दमटपणातून. हवा दमट असेल तेव्हा नळी धो धो वाहते. 2011सारख्या उन्हाळ्यात, हवा कोरडी ठणठणीत असते तेव्हा नळीही आटते, आणि नेमकं तेव्हाच तुमचं झाड सगळ्यात जास्त मागत असतं. दमट वर्षी त्याच नळीखाली जमीन सतत ओली, म्हणजे मोहरीच्या दाण्यांची सोय. आणि ज्या यंत्राचं पाणी तुम्ही वापरता ते आतली उष्णता बाहेर त्याच भिंतीला टाकतं.

हौशी : बाहेरचा पंखा असतो पश्चिमेला, नळी निघते पूर्वेला. निदान आमच्याकडे. आणि कोरड्या वर्षी नळीच्या जोडीला ठिबक लावीन.

साशंक : म्हणजे कोरड्या वर्षी पुन्हा नळाचंच पाणी.

हौशी : कोरड्या वर्षी, हो. दर वर्षी नाही. आणि एकाच बेटाला.

साशंक : मग अशी किती वर्षं येणार, यावर तुमची यादी टिकते. ते मला माहीत नाही, रोपवाटिकेलाही नाही. एकच लावणार असाल तर साधा प्लांटॅजिनिया लावा. ‘ग्वाकामोली’ नको, त्याचं मधलं फिकट पान मला इथे खात्रीचं वाटत नाही.

हौशी : पाच तास सकाळचं ऊन मिळालं तर तेच फिकट पान सोन्यासारखं उजळतं. मी दोन्ही लावणार आहे, शेजारी शेजारी, एकाच ठिबकवर.